सीतापूरची वाळू

नाशिक,
ता. १२ मार्च १९७८

चि. झुंबर यास,
सप्रेम जय भीम.

परवा सकाळी टाकीवरची पाळी संपवून मी घरी आलो. पंचवटीकडचा व्हॉल्व्ह बंद केला, जुन्या नाशकाचा उघडला आणि लोखंडी चावी खांद्यावर टाकून नेहमीच्या रस्त्याने परतलो. हातपाय धुतले, मेणबत्ती लावली, त्रिशरण-पंचशील म्हटलं आणि मग तुझं पाकीट फोडलं. तात्या ओट्यावर उन्हाला बसले होते. त्यांना दिसत नाही, पण पाकीट फाडल्याचा आवाज बरोबर कळतो.

"झुंबऱ्याचं का? मोठ्यानं वाच," म्हणाले.

मी वाचू लागलो. पोर्ट ब्लेअरहून तुझी बदली नील बेटावरच्या दवाखान्यात झाली, बोटीत लताला उलट्या झाल्या, बेट एवढंसं की सकाळी निघालेला माणूस सगळं पायी फिरून जेवायला घरी येतो. इथपर्यंत ठीक चाललं होतं. पुढे तू लिहिलंस की पूर्वेच्या टोकाला एक किनारा आहे, तिथे सूर्य थेट पाण्यातून वर येतो, आणि त्या गावाचं नाव सीतापूर. त्याखाली भरतपूर, लक्ष्मणपूर आणि तू राहतोस ते रामनगर. माझी जीभ थांबली.

तुझे वडील गेल्यावर तू आमच्याच घरात वाढलास, तात्यांनी तुला माझ्याइतकाच मुलगा मानला, ते तुला ठाऊक आहेत. तीस साली पंचवटीत राममंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रहात ते बसले. गर्दीतून आलेल्या दगडाची खूण अजून त्यांच्या भुवईवर आहे. तेव्हापासून पंचवटीकडे त्यांनी नदी ओलांडलेली नाही. भाजीबाजार पलीकडे भरतो, तरी नजर चांगली होती तोवर ते अलीकडे मिळेल ती सुकलेली मेथी आणायचे आणि तुझ्या सुमनवहिनीची बोलणी खायचे. आता मोतीबिंदूने दोन्ही डोळे झाकले आहेत. तुझ्या पत्राची ते महिनाभर वाट बघतात. त्यांच्यासमोर ही चार नावं कशी वाचायची?

"नाव काय म्हनला?" तात्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "लुंबिनी."

कसं तोंडातून गेलं, सांगता येत नाही. एकदा गेल्यावर मग भरतपूरचं नालंदा झालं, लक्ष्मणपूरचं श्रावस्ती आणि रामनगरचं सारनाथ. तात्यांनी मला थांबवून सुमनला हाक मारली. "ऐकलंस का, सुमन? समुद्रात बी आपली गावं हायेत!" कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा असा पाहिला.

म्हणून तुला विनंती आहे. किनाऱ्यांबद्दल लिही, भरपूर लिही, पण नावं घालू नकोस. 'पूर्वेचा', 'पश्चिमेचा' एवढं पुरे. सौ. लताबाईस आशीर्वाद.

तुझा दादा,
जयराम


नील बेट, अंदमान,
ता. १९ एप्रिल १९७८

ती. दादास,
सविनय जय भीम.

तुझं पत्र वाचून मी मोठ्याने हसलो. लताने कारण विचारलं म्हणून तिलाही वाचून दाखवलं. ती हसली नाही.

दादा, तू गावाला पाणी सोडणारा माणूस. बेटांचं बारसं करायचं काम कधीपासून घेतलंस? आणि नावं गाळून मी लिहू कसा? इथे रुग्ण येतो तोच 'भरतपूरचा कापलेला पाय' नाहीतर 'लक्ष्मणपूरचा ताप' म्हणून येतो. मी आहे तसं लिहितो, तू तुला हवं ते वाच.

कापलेले पाय भरतपूरचेच जास्त, त्याला कारण आहे. तिथे पाणी इतकं उथळ की लांबवर चालत गेलं तरी गुडघ्याच्या वर येत नाही. तळाशी पोवळ्याचे खडक. फ्लॉवरचे गड्डे पाण्यात मांडून ठेवावेत तसे दिसतात, आणि त्यांच्या मधून निळे-पिवळे मासे फिरतात. वरून पाहावं तर मऊ वाटतं. पाय ठेवला की पत्र्यासारखं कापतं. तात्यांना सांग, पाण्याचा रंग कसा म्हणून विचारतील तर मला सांगता येत नाही. गंगापूर धरणाच्या पाण्यात कोणीतरी निळीची पुडी सोडली तर कदाचित जवळपास जाईल.

लक्ष्मणपूरला दगडाचा एक पूल आहे. माणसाने बांधलेला नाही, समुद्राने खडक खाऊन खाऊन कमान केली आहे. वर झाडं उगवली आहेत, त्यांच्या मुळ्या खाली लोंबतात. ओहोटी असेल तेव्हाच तिथे जाता येतं. वाट खडबडीत, खडकांच्या खळग्यांत पाणी साचून राहिलेलं, त्यात अडकलेले छोटे मासे भरतीची वाट बघत असतात. कमानीखाली उभा राहिलो तर मला आपल्या पांडवलेण्याच्या ओसरीत उभा असल्यासारखं वाटलं. तसाच गारवा, तसंच स्वतःचं बोलणं परत ऐकू येणं. मी त्रिशरण म्हटलं. मग पाणी घोट्याला लागलं तसा परत फिरलो. तिथे वेळ चुकली की वाट राहत नाही.

तात्यांच्या पायाला माझा हात लाव.

तुझा
झुंबर


नाशिक,
ता. ४ जून १९७८

चि. झुंबर यास,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र तात्यांना तीनदा वाचून दाखवलं. तीनही वेळा नालंदा आणि श्रावस्ती वाचलं. माझी चूक होऊ नये म्हणून शब्दांवर पेन्सिलीने बारीक खुणा करून ठेवल्या, ही माझी तयारी.

पण गोष्ट घरात राहिली नाही. बुद्ध पौर्णिमेला विहारात सगळी वस्ती जमली होती. वंदना झाल्यावर तात्या काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "माझा झुंबर समुद्रात ऱ्हातो. तिथं लुंबिनी हाय, नालंदा हाय. लुंबिनीला सूर्य पान्यातून निघतो." बायका, पोरं, सगळे ऐकत राहिले. आपल्या धोंडीरामने, तोच विहाराची झाडलोट बघतो, लगेच खडू घेतला आणि फळ्यावर चारही नावं लिहिली. खाली 'अंदमान' लिहून रेघ ओढली. रोजचा सुविचार लिहायला आता कोपऱ्यात जागा उरली आहे. एक बाई मला म्हणाली, "भाऊ, तुमी रोज मुकाट जाता येता, येवढी गोष्ट पोटात ठेवली व्हय?" मी चपला शोधायच्या निमित्ताने बाहेर आलो.

धोंडीरामचं एक मागणं आहे. लुंबिनीच्या किनाऱ्यावरची मूठभर वाळू पाठव म्हणतो, बाटलीत घालून विहारात ठेवायची आहे. मी विसरलो असं सांगू शकलो असतो. पण तात्याही रोज विचारतात, म्हणून लिहितो.

तात्यांचा स्वतःचा प्रश्न वेगळा आहे. त्यांचेच शब्द लिहितो: "झुंबऱ्याला इचार, लुंबिनीच्या पान्यात उतरताना कोनी अडवतं का? कुठला, कोनाचा, असं इचारतं का?"

झुंबर, सकाळी पंचशील म्हणताना चौथं शील आलं की माझा आवाज आपोआप खाली जातो. खोटं बोलण्यापासून दूर राहीन असं म्हणायचं आणि मग पत्र उघडायचं. सुमनने विचारलं, "घसा बसला का?" मी हो म्हणालो. म्हणजे अजून एक.

तुझा दादा,
जयराम


नील बेट,
ता. २२ ऑगस्ट १९७८

ती. दादास,
सविनय जय भीम.

अकरा दिवस बोट आली नाही. समुद्र असा खवळला आहे की जेटीवर उभं राहवत नाही. हे पत्र कधी निघेल, सांगता येत नाही.

तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. सीतापूरच्या पाण्यात मला कोणी अडवत नाही. लाटा उंच असल्या की लता अडवते, बाकी कोणी नाही. किनाऱ्याच्या कडेला केवड्याची बनं आहेत आणि त्यामागे समुद्रमोहवा नावाचं मोठं झाड. मोह म्हटल्यावर मला सुरगाण्याकडचा माळ आठवला. नोकरीला लागायच्या आधी वस्तीतल्या लोकांबरोबर तिकडे एकदा लाकडं आणायला गेलो होतो. त्या झाडाखाली बसून मी जेवतो. शेजारी बसलेला माणूस माझ्या डब्यातलं घेतो, त्याच्यातलं मला देतो.

हे लोक बंगालचे निर्वासित. माझ्या शेजारी एक म्हातारा आहे, मी त्याला काका म्हणतो. जंगल तोडून त्याने भात आणि भाजीपाला लावला. त्याला विचारलं, ही नावं कोणी दिली? म्हणाला, "आम्ही आलो तेव्हा झाडं आणि डास होते. नावं मागून आली." मग बोलता बोलता सांगितलं, त्यांच्या जुन्या मुलखात वरचे लोक त्यांच्या हातचं पाणी पीत नसत. एवढं सांगून तो माझ्याच तांब्यातून पाणी प्यायला.

यापुढचं तात्यांना वाचू नकोस. संध्याकाळी ते लोक रामनगरात नामसंकीर्तन करतात. झांजा, ढोल. पहिले काही महिने मी दारातूनच ऐकायचो. एकदा काकाने हात धरून आत नेलं. आता आठवड्यातून एकदा जातो. मी काही म्हणत नाही, नुसता बसतो. ते मला मधे बसवतात. आमच्या घरच्या वंदनेलाही त्यांच्यातले तिघं-चौघं येतात आणि हात जोडून बसतात. तात्यांना हे रुचणार नाही. तुझ्या लबाडीला हसलो होतो आणि आता मीच तुला लपवायला सांगतो आहे.

वाळू पाठवतो, पाऊस संपला की. ओल्या वाळूने टपालात पिशवी कुजेल.

तुझा
झुंबर


नाशिक,
ता. ६ नोव्हेंबर १९७८

चि. झुंबर यास,
सप्रेम जय भीम.

आनंदाची बातमी आहे आणि मला जेवण गोड लागत नाही.

जानेवारीत नाशकात डोळ्यांचं शिबिर आहे. तात्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला आहे, ऑपरेशन करू असं डॉक्टर म्हणाले. पट्टी निघाली की महिन्याभरात चष्मा. घरी येऊन ओट्यावर बसल्यावर तात्या म्हणाले, "डोळा आला की पयलं काम सांगू? झुंबऱ्याची समदी पत्रं मी सोता वाचनार. एक एक."

तुला आठवतं का, तू दुसरीत होतास तेव्हा ते तुझ्याच पाटीवर अक्षरं शिकले. तू गिरवायचास, ते त्यावरून बोट फिरवायचे. तुझं अक्षर ते अंधारातही ओळखतील. म्हणून माझ्या हाताने नक्कल करून भागणार नाही. मी एका दुपारी करून पाहिली. 'सीतापूर'च्या जागी 'लुंबिनी' लिहिलं, पान पूर्ण केलं आणि चुलीत घातलं. सुमन भाकरी थापत होती. "काय जाळता?" विचारलं तिने. मी सांगितलं नाही, पण तिला कळलं असावं. त्याच जाळावर भाजलेली भाकरी तिने माझ्या ताटात वाढली.

आता तुझ्या हातात आहे. तिन्ही पत्रं पुन्हा लिही. तारखा त्याच घाल, मजकूर तोच ठेव, फक्त चार नावं बदल आणि कीर्तनाचा भाग गाळ. अठ्ठेचाळीस वर्षं सांभाळलेली त्यांची गाठ आपण का सोडायची? सत्तरीचे आहेत. जातील तेव्हा समाधानाने जावेत एवढंच मागतो.

पंचशील म्हणताना चौथं शील हल्ली मी मनात म्हणतो.

तुझा दादा,
जयराम


नील बेट,
ता. २० डिसेंबर १९७८

ती. दादास,
सविनय जय भीम.

तू सांगितलंस म्हणून लिहायला बसलो. कागद घेतला, जुनी तारीख घातली. 'पूर्वेच्या टोकाला एक किनारा आहे' इथपर्यंत लिहिलं. पुढे हात चालला नाही. ज्यांनी माझ्या अक्षरावरून बोट फिरवलं त्यांच्यासाठी खोटं अक्षर काढायचं, हे मला जमणार नाही. राग मानू नकोस.

एक गोष्ट मात्र मनात आली. आपली लेणी बुद्धाची, लोक म्हणतात पांडवलेणं. तात्या नजर होती तोवर दर पौर्णिमेला चढून जायचे. नाव दुसऱ्याचं आहे म्हणून ते कधी पायरीवर थांबले का? तूच त्यांच्याबरोबर जायचास, तुला माहीत.

सोबत वाळू पाठवतो. लताने कापडाची थैली शिवली आहे आणि वर दोऱ्याने तिनेच नाव काढलं आहे: सीतापूर. मी तिला म्हटलं होतं, नाव नको काढूस. ती म्हणाली, "मग वाळू तरी कशाला पाठवता?"

कीर्तनाचंही वाच. मी लपवायला नको होतं.

तुझा
झुंबर


नाशिक,
ता. ११ मार्च १९७९

चि. झुंबर यास,
सप्रेम जय भीम.

तुझं पार्सल ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. तात्या घरी होते, उजव्या डोळ्यावर पट्टी, हलायचं नाही, खोकायचं नाही, उताणं पडून राहायचं. मी थैली कपाटात ठेवली आणि तीन दिवस कामावर जाऊन येत राहिलो.

चौथ्या दिवशी पंचवटीचा व्हॉल्व्ह बंद करताना मी ठरवलं. सांगायचं तर पट्टी असतानाच. डोळा उघडल्यावर सांगितलं असतं तर ते सापडल्यावर कबूल करणं झालं असतं.

घरी येऊन हातपाय धुतले. तात्यांच्या उशाशी बसलो, तुझी सगळी पत्रं घेतली आणि पहिल्यापासून वाचली. जशी आहेत तशी. सीतापूर म्हटलं तेव्हा त्यांचा हात चादरीवर हलला. रामनगर म्हटलं तेव्हा त्यांनी विचारलं, "आन् लुंबिनी?"

"लुंबिनी नाही तात्या. मी घातली होती. चारही नावं मी घातली होती."

मी कीर्तनापर्यंत सगळं वाचलं. सुमन दारात उभी होती. वाचून झाल्यावर तात्या म्हणाले, "जयराम, तुझं नाव कोनी ठेवलं?"

"तुम्ही."

"कवा?"

"तीस साली."

"आमी सत्याग्रहाला बसलो व्हतो तवा तू झालास. माझ्या नावात राम, म्हनलं पोराच्या बी नावात आसू दे. तिथं बसून आमी बी जय राम बिगर दुसरं काय म्हनत व्हतो? माझं भांडन नावाशी नव्हतं रे. अडवनाऱ्याशी व्हतं." पुढे म्हणाले, "आमी कुठं जायाचं, काय ऐकायचं, ते तवा दुसरे ठरवायचे. आता तू ठरवाया लागलास. समद्या गावाला पानी सोडतोस आन् बापाला चावी आवळून थेंब थेंब?"

झुंबर, दोन दिवस त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. मी कप पुढे केला की म्हणायचे, "सुमनला दे म्हनावं." मी कप सुमनच्या हातात द्यायचो आणि बाहेर ओट्यावर बसायचो.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हाक मारली. "झुंबऱ्याला कीर्तनात कुठं बसवतात? ते पुन्हा वाच. मधी का कडंला?"

मी वाचलं: ते मला मधे बसवतात.

"मधी," ते म्हणाले. "आन् आपल्या वंदनेला ते येतात?"

"येतात. हात जोडून बसतात."

"मंग झुंबऱ्यानं लपवायचं काय त्यात? दोघं बी सारखेच भित्रे." आणि हात पुढे केला. मी थैली सोडून मूठभर वाळू त्यांच्या तळहातावर घातली. त्यांनी ती बोटांनी चाळली, नाकाशी नेली. कापडावरचं दोऱ्याचं नाव बोटाने चाचपलं, एक एक अक्षर, तुझ्या पाटीवर शिकले होते तसं. सी. ता. पू. र. मग म्हणाले, "लताचा टाका बारीक हाय." त्या दिवशी चहा त्यांनी माझ्या हातून घेतला. साखर कमी आहे म्हणाले.

चष्मा मागच्या सोमवारी मिळाला. भिंग जाड आहे, त्यामागे त्यांचा डोळा मोठा दिसतो. तुझी पत्रं ते दिवसभर घेऊन बसतात. माझ्या पेन्सिलीच्या खुणा त्यांना दिसल्या. रबर मागून घेतलं आणि मलाच दिलं. मी एक एक खूण पुसली, ते बघत राहिले. नदी त्यांनी ओलांडलेली नाही आणि मीही त्याबद्दल विचारलेलं नाही. दगडाचा पूल भरतीत किती बुडतो, हे तुला विचारायला सांगितलं आहे.

एक काम उरलं होतं. आज रविवार. विहारात वंदना होती, तात्यांना हात धरून नेलं. आज पंचशील मी सांगायचं आणि लोकांनी मागून म्हणायचं, अशी माझी पाळी होती. तिसऱ्या शीलानंतर मी थांबलो आणि मागे वळून म्हणालो की पुढचं म्हणायच्या आधी मला एक सांगायचं आहे. फळ्यावरची चार नावं खोटी आहेत. तिथे अशी गावं नाहीत. माझ्या मनाने मी ती सांगितली, तात्यांनी विश्वासाने तुम्हाला सांगितली. धोंडीरामच्या हातातला खडू तसाच राहिला. मागून कोणीतरी म्हणालं, "म्हंजे वर्षभर आमाला फसवलं व्हय, भाऊ?" मी म्हणालो, "हो."

ओल्या फडक्याने मी फळा पुसला. त्यावर खरी नावं लिहिली. वाळूची बाटली धोंडीरामच्या हातात दिली, तिच्यावर लताने नाव काढलेला थैलीचा तुकडा कापून चिकटवला आहे. तो ती परत करील असं वाटलं होतं. त्याने नाव वाचलं, तात्यांकडे पाहिलं. तात्या पहिल्या रांगेत बसून चष्म्यातून फळा वाचत होते, ओठ हलवत, मोठ्याने. सीतापूर. भरतपूर. लक्ष्मणपूर. रामनगर. वाचून झाल्यावर धोंडीरामला म्हणाले, "ठेव की. झुंबर आंघोळ करतो तिथली हाय."

धोंडीरामने बाटली खिडकीत ठेवली. मी पुन्हा समोर वळलो, हात जोडले आणि चौथं शील मोठ्याने म्हटलं.

तुझा दादा,
जयराम